नरसाळ्यातलं पातं

मला चुकीचं ऐकून गप्प बसता येत नाही. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीनं एकदा नोटीस बोर्डावर पाण्याच्या टाकीचा हिशोब लावला होता. तो चुकला होता. मी पेनानं खाली बरोबर आकडा लिहिला आणि सही केली. तेव्हापासून सेक्रेटरी माझ्याशी बोलत नाहीत. त्याआधी सतरा वर्षं मी इंजिनियरिंग कॉलेजात होते, पाणी आणि हवा नळीतून कशी वाहते ते शिकवायचे. विभागप्रमुखांनी काढलेल्या पेपरातली चूक मी भर मीटिंगमध्ये दाखवली आणि पुढच्या वर्षभरात माझं तिथलं दाणापाणी संपलं. म्हणजे हा आजार जुना आहे. त्याची फळं आजवर मीच भोगली होती. ह्या वेळी दुसऱ्या माणसानं भोगली, म्हणून हे लिहायला बसले आहे.

नोकरी सुटल्यावर मी एक टर्बोची छोटी गाडी घेतली. बाईमाणसानं पंचेचाळिशीनंतर असली गाडी घ्यायची म्हणजे शोरूममधल्या मुलापासून सगळे विचारणार, "मॅडम, मिस्टर चालवणार का?" मिस्टर नाहीत. मीच चालवते. टर्बो म्हणजे एंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या झोतावर फिरणारा पंखा, तो एंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जितकी गार तितकी ती दाट आणि एंजिनाला ताकद तितकी अधिक. एवढं साधं आहे. पण पुण्यात गाडी निम्मा वेळ सिग्नलला उभी. बॉनेटखाली भट्टी पेटलेली असते आणि गाडी तीच हवा आत ओढते. त्यावर बाजारात मिळणारा उपाय काय, तर उघडा फिल्टर. तो बसवला की एंजिन सूं सूं आवाज करतं. आवाज आला की पोरांना वाटतं ताकद आली. प्रत्यक्षात तो फिल्टर भट्टीतलीच हवा ओढतो, मूळच्या डब्यापेक्षाही जास्त. ह्या मूर्खपणावर लोक हौसेनं खर्च करतात हे बघून मला राहवेना. मी वही काढली आणि आपण काय बनवू शकतो ते लिहायला घेतलं. समोरच्या जाळीतून थेट बाहेरची हवा घेणारी बंद पेटी. पेटीपासून टर्बोपर्यंत नवा पाइप. टर्बोच्या तोंडाशी कर्ण्यासारखं पसरट तोंड, हवा अंगचोरी न करता आत यावी म्हणून. कागदावर सगळं छान दिसत होतं.

बनवायला माणूस हवा होता, तो आधीच माहीत होता. गाडीचा एक ॲल्युमिनियमचा भाग तडकला होता तेव्हा शोरूमनं नवीन घ्या म्हणून सांगितलं, आणि मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत एका चाचांनी तो अर्ध्या तासात असा जोडून दिला की जोड हातालाही लागत नव्हता. चाचा साठीच्या पुढचे. त्यांच्या घराण्याच्या चार पिढ्या पुण्यात पत्र्याचं काम करत आल्या. बाजार गावातून गुलटेकडीला, आताच्या मार्केट यार्डात, आला तसं दुकानही मागोमाग आलं. ट्रकवाले टाक्या घेऊन येत, रेडिएटर घेऊन येत. चाचा दुसऱ्यांनी मोडलेलं जोडायचे. मला ते पहिल्या दिवसापासून ताई म्हणाले. शोरूम, गॅरेज, गाडीवाल्यांचा फोनवरचा ग्रुप, सगळीकडे मी मॅडम होते, आणि त्या मॅडममध्ये "तुम्हाला काय कळतंय" हे न बोलता बोललेलं असायचं. ताई म्हणणारे तेवढे एकच.

पेटी झाली. पाइप झाला. गाडीला बसवला आणि कात्रजच्या घाटाकडे निघाले, तर स्वारगेटपर्यंतच गाडी उचक्या देऊ लागली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा. कारण मला लगेच कळलं. पेटी पुढे सरकवल्यामुळे पाइपला एक आखूड वळण आलं होतं आणि वळणानंतर लगेच हवा मोजणारा सेन्सर. वळणात हवा भोवऱ्यासारखी फिरते. फिरती हवा सेन्सरला नीट मोजता येत नाही. रोग मला समजला, औषध सुचेना. वळण लांब करायला जागा नव्हती. मी तीन आठवडे आकडेमोड केली, वही भरली आणि शेवटी चाचांच्या स्टुलावर जाऊन बसले. म्हटलं, "नाही जमायचं."

चाचा उठले. आत गेले, माळ्यावरून एक जुनं पत्र्याचं नरसाळं काढून आणलं, फडक्यानं पुसलं. "बघा ताई. आत बघा."

आत, तोटीच्या वर, एक पातळ पातं उभं बसवलेलं होतं.

"अब्बा तेला-तुपाच्या व्यापाऱ्यांना नरसाळी करून द्यायचे," चाचा म्हणाले. "साध्या नरसाळ्यात तेल गरगर फिरतं, मध्ये पोकळी पडते, उतरायला वेळ लागतो. अब्बांनी हे पातं घातलं. पात्याला आपटून फिरणं बंद. सरळ खाली. अख्ख्या यार्डात अब्बांचंच नरसाळं चालायचं. तुमची हवा पण फिरतेय ना? मग घाला पातं."

मी त्या नरसाळ्याकडे बघतच राहिले. सतरा वर्षं मी फळ्यावर हे शिकवलं होतं. भोवरा कसा मोडतो, त्याची समीकरणं मला तोंडपाठ. आणि ते मला सुचलं नव्हतं. आनंद झाला, खोटं कशाला बोलू, पण टोचलंही.

नरसाळ्याच्या काठाला पाच पाकळ्यांचं एक छोटं फूल ठोकलेलं होतं. चाचांनी टेबलाचा खण उघडून ठसा दाखवला, बोटाएवढा लोखंडी. "अब्बांचा. प्लॅस्टिक आलं आणि नरसाळी बंद पडली. तेव्हापासून हा इथंच पडून. मी आयुष्यभर लोकांचं मोडलेलं जोडलं, ताई. त्यावर ठसा कसा मारणार? स्वतःचं असं काही केलंच नाही." मग ठसा अंगठ्यानं पुसत म्हणाले, "हा पाइप नीट चालला तर त्यावर मारू."

"मारू म्हणजे काय, मारायचाच," मी म्हणाले. "प्रत्येक पाइपवर. आणि कागदावर कल्पना तुमची म्हणूनच लिहू." हे मी म्हणाले होते. माझ्याच तोंडानं.

चाचांनी पातं घातलं. मी पाइपच्या तोंडातून आत बघितलं तर पात्याचं पुढचं टोक पक्कं जोडलेलं होतं आणि मागचं नुसतं एका खाचेत बसवलेलं. मला वाटलं, राहिलंय. घाईत वेल्डिंगचा टाका द्यायचा राहिला असणार, नमुना आहे, चालतंय. मी विचारलं नाही. त्यांना कशाला ओशाळवायचं, असं मनात म्हटलं. आता वाटतं, ओशाळवायचं नव्हतं वगैरे काही नाही. माझी खात्रीच होती की चूक त्यांची आहे.

भर दुपारी आम्ही दोघं कात्रजला गेलो. स्वारगेटच्या गर्दीत गाडी तापली, बालाजीनगरला आणखी तापली, आणि घाट लागल्यावर मी पाय दाबला तर गाडी तक्रार न करता वर गेली. उचकी नाही, दिवा नाही. वर मोकळ्या जागी थांबलो. चाचांनी स्वतः बॉनेट उघडलं, पाइपवर तळवा ठेवला, आणि तसेच उभे राहिले. दोन-चार मोटरसायकलवाले बघायला जमले. चाचा त्यांना म्हणाले, "आमच्याकडे बनवलंय." पहिल्यांदाच त्यांना असं बोलताना मी ऐकलं. परत आल्यावर त्यांनी त्या पाइपवर ठसा मारला, एकाच घावात. आमचं ठरलं की दहा पाइप तयार होईपर्यंत कोणाला काही दाखवायचं नाही.

आता माझी अक्कल कशी पाजळली ते सांगते.

आमच्या मॉडेलच्या गाड्यांच्या मालकांचा एक ग्रुप आहे. तिथे एकानं विचारलं की पाइपच्या वळणामुळे सेन्सर चुकीचा आकडा दाखवत असेल तर काय करावं. मी लिहिलं, वळणात पातं घालून हवा सरळ करता येते. एवढंच. त्यावर एक गृहस्थ आले. आयटीतले, बाणेरला राहणारे, आणि दुनियेतल्या प्रत्येक विषयातलं त्यांना कळतं. त्यांनी लिहिलं की पात्यामुळे हवेला अडथळा होतो, ताकद कमी होते, हा देशी जुगाड आहे. मी कारण दिलं. त्यांनी हसणारा चेहरा टाकला. आणि मग लिहिलं, "मॅडम, फ्लुइडचे बेसिक्स एकदा बघून घ्या."

डोक्यात तिडीक गेली. बेसिक्स? अरे बाबा, तुझ्यासारख्या शेकडो जणांना मी ते बेसिक्स शिकवून पास केलंय, आणि काहींना नापासही. चहा तसाच ठेवला. संगणक उघडला आणि पाइपचं सगळं चित्र काढलं. उभा छेद, पात्याची लांबी, जाडी, कोन, तोंडापासूनचं अंतर. पातं नसताना आणि असताना सेन्सरचे आकडे शेजारी शेजारी. लाल बाण. चित्र काढताना ते मागचं सुटं टोक आलं. टर्बोच्या वाटेवर सुटं पातं? असं चित्र एखाद्या विद्यार्थ्यानं दिलं असतं तर मी भोपळा दिला असता. मी तिथे टाका दाखवला. दोन्ही टोकं पक्की. चाचांची चूक मी दुरुस्त केली आणि पुढे गेले.

सोबत नमुन्याचा फोटो जोडला. फोटोत ते फूल येत होतं. तांत्रिक चर्चेत फूल बरं दिसेना, म्हणून कडेनं कापलं. आणि खाली लिहिलं, "हे पातं मी डिझाइन केलं आहे. नमुना मार्केट यार्डातल्या एका वेल्डरकडून जोडून घेतला आहे. बेसिक्स तुम्ही बघा."

काय अंगठे पडले म्हणता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाणेरकर गप्प झाले, आणि मी तो गार चहा मोठ्या चवीनं प्यायले. "मी" का लिहिलं? मला कोणी विचारलं नाही तरी बऱ्याचदा मीच उत्तर देत असते, की लांबण नको म्हणून, भांडणात नरसाळं कुठे सांगत बसायचं म्हणून. खरं तर त्या क्षणी मला वाटतच होतं की ते माझं आहे. मला त्याची समीकरणं येत होती ना.

दिवाळीच्या सुमारास जाहिरात दिसली. कंपनीचं नाव घेत नाही, फुकटची प्रसिद्धी कशाला. बंद पेटी, नवा पाइप आणि वळणात "खास पातं". माझं चित्रच होतं. कोनही तोच. लाल बाणसुद्धा त्यांनी लाल ठेवला होता.

चाचांना सांगणं भाग होतं. तोवर त्यांचे सहा पाइप तयार झाले होते, ओळीनं भिंतीला टेकवून ठेवलेले, प्रत्येकावर फूल. मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"हे आपलंच आहे ना ताई?"

"हो. चोरलंय कोणीतरी."

"पण पाइप तर आपण कोणाला दाखवला नाही."

तेव्हा सांगता आलं असतं. जीभ टाळ्याला चिकटली नव्हती, चांगली वळवळत होती. मी म्हणाले, "कात्रजला बॉनेट उघडलं होतं ना. त्यात कोणीतरी फोटो काढला असेल."

चाचांनी चष्मा काढला. "मीच उघडलं होतं," ते म्हणाले. "मीच त्यांना सांगितलं, आमच्याकडे बनवलंय म्हणून. हौस नडली." मग त्यांनी ते सहा पाइप एकेक करून माळ्यावर ठेवले, नरसाळ्याशेजारी. आणि म्हणाले, "तुमची एवढी मेहनत वाया घालवली ताई. माफ करा."

आणि मी माफ केलं. "जाऊ द्या चाचा," असं म्हणाले. ह्या वाक्याची मला आजही शिसारी येते.

पुढचे काही महिने मी तिथे जात राहिले. का, ते माहीत नाही. चोर जसा चोरीच्या जागी जातो म्हणतात तसं असेल. चाचा चहा मागवायचे, ट्रकच्या टाक्या जोडायचे. पाइपचा विषय निघाला नाही. मी काही सुचवलं तर म्हणायचे, "नको ताई, आपलं जोडकाम बरं."

उन्हाळ्यात एका सकाळी मी अशीच स्टुलावर बसले होते आणि एक तरुण गृहस्थ आले. चांगल्या घरचे, बोलायला नम्र. त्यांच्या हातात पाइप होता. लांबूनच मी ओळखला. तो त्या कंपनीचा होता.

"चाचा, हा आतून तडकलाय. नवीनच आहे. जरा काळजीनं करा हां, ओरिजिनल पार्ट आहे."

चाचांनी पाइप हातात घेतला. उजेडाकडे धरून आत बघितलं. मला वाटलं ते काही बोलतील. त्यांनी फक्त बॅटरी मागितली आणि परत बघितलं.

"दोन्ही टोकं जोडलीत," ते म्हणाले. "म्हणून तडकलं. पातं पातळ, पाइप जाड. तापताना, निवताना दोघांची चाल वेगळी. एक टोक मोकळं ठेवायचं असतं खाचेत, त्याला सरकायला जागा लागते. नरसाळ्यात तापवलेलं तूप ओततात ना, तसंच. नशीब तुमचं, तुकडा पडून टर्बोत गेला नाही. मागचं टोक सोडवून देतो."

तो राहिलेला टाका. तो राहिलेला नव्हता. साठ वर्षांपूर्वी एका माणसानं तुपाच्या नरसाळ्यावर शिकलेली गोष्ट होती ती, आणि मी ती चूक समजून पुसून टाकली होती. आणि असे किती पाइप त्या कंपनीनं विकले असतील, किती गाड्यांत ते पातं आज तडकत असेल, हे एकदमच डोक्यात आलं.

"नको, नको," गृहस्थ घाईनं म्हणाले. "डिझाइन बदलू नका प्लीज. हे सगळं सिद्ध केलेलं आहे. आमच्या ग्रुपवर एक मॅडम आहेत, प्रोफेसर होत्या. त्यांचं मूळ डिझाइन. थांबा, दाखवतो." आणि त्यांनी फोन काढला.

मला उठून जाता आलं असतं. मी बसून राहिले. ग्रुपवर माझा चेहरा नाही, गाडीचा फोटो आहे, त्यामुळे त्यांना पत्ताच नव्हता. चाचांनी हात पुसले, चष्मा लावला आणि फोन घेतला. त्यांना मराठी वाचायला थोडा वेळ लागतो. ते ओठ हलवत वाचतात. त्यामुळे मला प्रत्येक शब्द दिसला. हे पातं. मी. डिझाइन केलं आहे. मग "एका वेल्डरकडून" इथे ते थांबले. बोटानं फोटो मोठा केला. फोटोच्या कडेला त्यांच्याच टेबलावरचा, पत्रा आवळून धरायचा शिकंजा होता, लाल रंगाचा, एक दांडा वाकलेला. आणि जिथे फूल असायला हवं होतं तिथे फोटो संपत होता.

त्यांनी तारीखही बघितली असावी, जाहिरातीच्या आधीची, कारण नंतर त्यांनी मान वर करून एकदा माळ्याकडे बघितलं.

फोन परत देऊन ते म्हणाले, "त्या मॅडम ह्याच. इथं बसल्यात."

गृहस्थांचा चेहरा फुलला. "अरे वा, मॅडम तुम्ही? मी तुमची ती पोस्ट सेव्ह करून ठेवलीये. मग प्रश्नच मिटला. तुम्हीच सांगा, टोक मोकळं करायचं की दोन्हीकडून जोडायचं?"

मी चाचांकडे बघितलं. मी म्हणाले, "चाचा म्हणतात तसंच करा. बरोबर तेच आहे. ते पातं त्यांचंच..."

"नाही मॅडम," चाचा म्हणाले. आवाज चढवला नाही, रागानं बघितलं नाही. शोरूममधला मुलगा जसा बोलतो तसे, आदबीनं बोलले. "तुम्ही सांगा. डिझाइन तुमचं आहे. मी वेल्डर आहे."

दोघंही माझ्या उत्तरासाठी थांबले होते.

"मोकळं करा," मी म्हणाले.

"ठीक आहे मॅडम," चाचा म्हणाले आणि त्यांनी तोंडावर वेल्डिंगची काच ओढून घेतली.